पडताळ्याचे उंदीर

१९३२ सालच्या डिसेंबरात, नाताळ जेमतेम चार-पाच दिवसांवर आला असताना, जर्मनीतील एल्बरफेल्ड येथील एका प्रयोगशाळेत सव्वीस उंदरांना एक प्राणघातक जंतू टोचण्यात आला. स्ट्रेप्टोकोकस हे त्या जंतूचे नाव. घसा, जखम, बाळंतिणीचे गर्भाशय, जेथून वाट मिळेल तेथून तो रक्तात शिरत असे. आणि एकदा तो रक्तात शिरला की त्या काळच्या निष्णात डॉक्टरापाशीही धीराच्या शब्दांपलीकडे फारसे काही उरत नसे. टोचणीनंतर काही वेळाने त्या सव्वीसांपैकी बारा उंदरांच्या पोटात नळीवाटे एक तांबडा रंग सोडण्यात आला. उरलेल्या चौदांना काहीच देण्यात आले नाही. थोड्याच दिवसांत ते चौदाही मेले. बारा जगले.

वैद्यकाच्या इतिहासात हा प्रसंग त्या बारा उंदरांचा म्हणून सांगितला जातो, आणि ते स्वाभाविकही आहे. जंतुसंसर्गावर पोटातून घेता येईल असे पहिले व्यापक गुणाचे औषध त्या दिवशी माणसाच्या हाती लागले. आम्हांला मात्र येथे उरलेल्या चौदांविषयी लिहायचे आहे. आम्ही साहित्याची माणसे. गोष्टीत जो मरतो आणि ज्याचे नाव पुढे कोणी घेत नाही, त्याच्याकडे आमची नजर सवयीनेच वळते. पण सवयीखेरीज आणखीही एक कारण आहे. ते चौदा मेले नसते, तर बारा जगले याला काडीचाही अर्थ उरला नसता. कदाचित जंतूच दुबळे असतील, कदाचित टोचणीच चुकली असेल, अशा साऱ्या शंकांची तोंडे त्या चौदांच्या मरणाने बंद झाली. औषधाचा गुण सिद्ध केला तो औषध न मिळालेल्यांनी.

इंग्रजीत अशा प्राण्यांना ‘कंट्रोल’ म्हणतात, आणि आपल्या पाठ्यपुस्तकांनी त्याचे ‘नियंत्रित गट’ असे भाषांतर करून ठेवले आहे. हे भाषांतर शब्दाला धरून असले तरी अर्थाला सोडून आहे. ‘कंट्रोल’ या शब्दाचे मूळ जुन्या फ्रेंचमधील ‘कोंत्र-रोल’ या शब्दात आहे. मूळ हिशेबाशी ताडून पाहण्यासाठी ठेवलेली दुसरी वही, असा त्याचा अर्थ. सत्ता, अंमल, ताबा हे अर्थ त्याला मागाहून चिकटले. मराठीत यासाठी एक अस्सल शब्द आधीपासून आहे, तो म्हणजे पडताळा. म्हणून आम्ही त्या चौदांना पडताळ्याचे उंदीर म्हणतो.

प्रयोग करणारा गेर्हार्ट डोमाक हा मूळचा निर्दय माणूस नव्हता. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा तो कील येथे वैद्यकाचा विद्यार्थी होता. अभ्यास अर्धवट टाकून तो सैन्यात गेला, त्याच वर्षाअखेर जखमी झाला, आणि पुढे पूर्व आघाडीवरील इस्पितळांत परिचराचे काम करू लागला. शस्त्रक्रिया उत्तम व्हावी, जखम नीट बांधली जावी, आणि चार दिवसांनी तोच सैनिक जखम सडून मरावा, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. १९२७ साली तो आय. जी. फार्बेन या प्रचंड रसायन-संघाच्या एल्बरफेल्ड येथील प्रयोगशाळेत आला. तेथे योझेफ क्लारर आणि फ्रिट्झ मीच हे रसायनतज्ज्ञ एकामागून एक नवे रंग बनवीत आणि डोमाक ते उंदरांवर पारखीत असे. रंगच का, याचे उत्तर पाउल एर्लिखकडे जाते. काही रंग जंतूंना नेमके चिकटतात आणि आजूबाजूच्या पेशींना चिकटत नाहीत, असे एर्लिखला सूक्ष्मदर्शकाखाली दिसले होते. जो नेमका चिकटतो तो नेमका मारूही शकेल, ही त्याची कल्पना. १९०९ साली त्याच्याच प्रयोगशाळेत साहाचिरो हाता या जपानी सहकाऱ्याने उपदंशाची लागण केलेल्या सशांवर ६०६ क्रमांकाचे संयुग तपासून ती कल्पना एका रोगापुरती खरी करून दाखविली होती.

डोमाकच्या तांबड्या रंगाची, म्हणजे पुढे ‘प्रोन्टोसिल’ नावाने बाजारात आलेल्या औषधाची, एक मौज अशी की काचेच्या नळीत तो जंतूंना काहीच करीत नसे. नळीत नापास आणि उंदरात पास, असा हा विद्यार्थी. उंदीर वगळून केवळ नळीवर विसंबले असते तर हे औषध कचऱ्यात गेले असते. याचा उलगडा १९३५ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत झाला. तांबडा रंग हे नुसते आवरण होते. शरीरात गेल्यावर त्याचे दोन तुकडे होत आणि त्यांतला सल्फानिलमाइड हा रंगहीन तुकडा खरे काम करी. हा तुकडा पाउल गेल्मो या रसायनतज्ज्ञाने १९०८ सालीच व्हिएन्नात बनवून ठेवलेला होता. त्यामुळे त्यावर कोणाचा एकस्वहक्क उरला नव्हता. कोणीही तो बनवावा आणि कोणीही विकावा. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

एल्बरफेल्डच्या कंपनीने त्या नाताळच्याच दिवशी एकस्वासाठी अर्ज केला. डोमाकचा निबंध मात्र १९३५ च्या फेब्रुवारीत, दोन वर्षांनंतर, प्रसिद्ध झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याच्या सहा वर्षांच्या मुलीच्या हातात सुई घुसली, जखम चिघळली आणि हात कापण्याची वेळ आली. बापाने तिला तेच औषध दिले. मुलगी वाचली, हातही वाचला. अशा वेळी बापाच्या मनात ते चौदा उंदीर आले असतील काय, हा प्रश्न कादंबरीकाराचा आहे. इतिहासाकडे त्याचे उत्तर नाही. पण त्या मुलीला पडताळ्याच्या बाजूला ठेवण्याचा विचार कोणाच्या स्वप्नातही आला नसता, एवढे आपण खात्रीने म्हणू शकतो.

पडताळ्याच्या उंदरांचे मरण कोणी जागून पाहिले, याची एक नोंद मात्र इतिहासात सापडते. २५ मे १९४०, शनिवार, ऑक्सफर्ड. डंकर्कहून सैन्य माघारी आणण्याचे काम दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचे होते. फ्लोरीच्या प्रयोगशाळेत आठ उंदरांना तोच जंतू टोचला गेला आणि त्यांतल्या चौघांना पेनिसिलीन मिळाले. नॉर्मन हीटली हा तरुण सहकारी रात्रभर तेथे बसून राहिला. पहाटे साडेतीनच्या सुमारास औषध न मिळालेला चौथा उंदीर मेला तेव्हा तो उठला आणि अंधारलेल्या शहरातून घरी गेला. तो आनंदात होता, असेच सारे वृत्तान्त सांगतात. हा आनंद क्रूर नव्हे. तरीही शेजारच्या पिंजऱ्यातील मरणाची वाट पाहत बसल्याखेरीज तो मिळण्याजोगा नव्हता.

शास्त्रीय निबंधांतून हे मरण कसे लिहिले जाते, ते भाषेच्या अभ्यासकाने एकदा तपासून पाहावे. प्राणी ‘मारले’ असे सहसा कोणी लिहीत नाही. इंग्रजीत दीर्घकाळ रूढ असलेले क्रियापद ‘सॅक्रिफाइस’ हे आहे, म्हणजे बळी देणे. आणि तेही बहुधा कर्मणी प्रयोगात, कर्त्याला पडद्याआड ठेवून. हा शब्द धर्मातून प्रयोगशाळेत आला याचे आपल्याला नवल वाटायला नको, कारण हे वळण आपल्या परंपरेलाही चांगले ठाऊक आहे. श्रौतकर्मात यज्ञपशूला मारण्यासाठी ‘संज्ञपन’ हा शब्द आहे. त्याचा व्युत्पत्त्यर्थ संमती देवविणे, राजी करणे. प्रत्यक्षात पशूला, रक्त न सांडता, गुदमरवून मारीत. आणि ते काम करणाऱ्याला ‘शमिता’ म्हणत, म्हणजे शांत करणारा. संमती देऊ न शकणाऱ्याच्या वधालाच संमतीचे नाव देणारी ही भाषा केवळ ढोंगी म्हणून बाजूला टाकता येत नाही. आपण काहीतरी भरून न येण्याजोगे करीत आहोत, ही जाणीव त्या शब्दाच्या पोटात दडलेली असते. ज्यांना काहीच खुपत नाही, त्यांना असा शब्द शोधावा लागत नाही.

आता त्या हक्कमुक्त सल्फानिलमाइडकडे वळू. १९३६ च्या अखेरीस अमेरिकी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचा मुलगा घशाच्या गंभीर संसर्गातून प्रोन्टोसिलने बरा झाला आणि अमेरिकेत या औषधांची एकच मागणी उसळली. अनेक कंपन्या सल्फानिलमाइडच्या गोळ्या व भुकटी विकू लागल्या. मुलांसाठी पातळ औषध हवे होते, पण ते चूर्ण सहजी विरघळत नसे. टेनेसी राज्यातील ब्रिस्टल येथील मॅसेन्गिल कंपनीचा मुख्य रसायनतज्ज्ञ हॅरल्ड वॉटकिन्स याला ते डायएथिलीन ग्लायकॉल या गोडसर द्रवात विरघळते, असे आढळले. त्याने त्यात रासबेरीचा स्वाद घातला, रंग घातला. कंपनीच्या तपासणी-प्रयोगशाळेने चव, रूप आणि वास पाहिला व पसंतीची मोहोर उठविली. त्या प्रयोगशाळेचेही नाव ‘कंट्रोल लॅबोरेटरी’ असेच होते. पडताळा पाहण्याची जागा होती, पडताळा मात्र नव्हता. एखाद्या उंदराला, सशाला, कुत्र्याला ते द्रावण पाजून पाहावे असे कोणाला वाटले नाही, आणि तसे पाहिलेच पाहिजे असा कायदाही तेव्हा नव्हता.

१९३७ च्या सप्टेंबरात २४० गॅलन औषध देशभर रवाना झाले. ऑक्टोबरात ओक्लाहोमातील टल्सा शहरातून पहिल्या मृत्यूंच्या वार्ता आल्या. लघवी बंद होई, पोटात असह्य वेदना होत, आणि आठवडा-दीड आठवड्यात रोगी जाई. घसा दुखतो म्हणून औषध दिलेली लहान मुले त्यांत पुष्कळ होती. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आपले जवळजवळ सारे निरीक्षक कामाला लावले. दुकानांच्या वह्या, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, कोठे नुसते आडनाव, कोठे तेही नाही, अशा धाग्यांवरून बाटली न् बाटली शोधण्यात आली. २४० पैकी २३४ गॅलन हाती लागले. उरलेल्या सहाएक गॅलनांनी पंधरा राज्यांत शंभरावर माणसे मारली.

येथे साहित्याच्या विद्यार्थ्याने थबकावे असा एक तपशील आहे. विष विकले म्हणून त्या कंपनीला पकडता येत नव्हते, कारण न तपासलेले औषध विकणे हा गुन्हाच नव्हता. सरकारच्या हाती होता एक शब्द. बाटलीवर ‘इलिक्झिर’ असे छापले होते. इलिक्झिर म्हणजे मद्यार्कयुक्त औषध असा रूढ अर्थ, आणि या औषधात मद्यार्काचा थेंबही नव्हता. म्हणून नाव खोटे, म्हणून माल जप्त. बाटलीवर साधे ‘द्रावण’ असे छापले असते तर जप्तीलाही आधार उरला नसता. शंभरावर मृत्यूंचा दावा शब्दकोशाच्या एका नोंदीवर चालला. आपल्या आयुर्वेदात याच्या जवळचा शब्द ‘अरिष्ट’ असा आहे. आंबवून सिद्ध केलेले औषधही तेच आणि ओढवलेले संकटही तेच. मराठीतले नाव त्या बाटलीला दोन्ही अर्थांनी शोभले असते. कंपनीला दंड झाला. वॉटकिन्सने पुढे आत्महत्या केली.

जे आधी व्हायला हवे होते ते आता शिकागो विद्यापीठात सुरू झाले. युजीन गायलिंग या औषधशास्त्राच्या प्राध्यापकाकडे छडा लावण्याचे काम आले. त्याच्या हाताखाली फ्रान्सिस ओल्डम नावाची एक तरुण कॅनेडियन विद्यार्थिनी होती. तिच्या अर्जाला उत्तर देताना गायलिंगने तिला पुरुष समजून ‘मिस्टर ओल्डम’ असे संबोधिले होते. फ्रान्सिस या नावाच्या स्पेलिंगमधील एका अक्षराचा हा गोंधळ. आपण बाई आहोत हे कळवावे काय, असा प्रश्न तिला पडला होता. पण ती शिकागोस गेली, हे पुढे जगाच्या पथ्यावर पडले. गायलिंगच्या मंडळींनी उंदीर, ससे आणि कुत्रे यांच्यावर प्रयोग केले: काहींना ते औषध, काहींना नुसते सल्फानिलमाइड, काहींना नुसता तो गोड द्रव. नुसते सल्फानिलमाइड मिळालेले बचावले. नुसता द्रव मिळालेल्यांची मूत्रपिंडे माणसांच्या मूत्रपिंडांसारखीच निकामी झाली. रोगाचे कारण सापडले, तेही पुन्हा पडताळ्यानेच. २५ जून १९३८ रोजी रूझवेल्ट यांनी नव्या कायद्यावर सही केली. औषध विकण्यापूर्वी ते सुरक्षित असल्याचा पुरावा सरकारपुढे ठेवणे सक्तीचे झाले, आणि हा पुरावा प्राधान्याने प्राण्यांचा असे. जगातील इतर देशांचे औषधविषयक कायदे पुढे साधारण याच वळणावर गेले.

प्राण्यांवर औषधे तपासण्याच्या प्रथेवर आज टीका करताना तिचा हा जन्म विसरला जातो, असे आमचे निरीक्षण आहे. उंदरांना वगळल्यावर त्यांची जागा रिकामी राहिली नव्हती. तेथे टल्सातील मुले उभी होती. पण तिचे समर्थन करणारेही पुष्कळ काही विसरतात. १९२७ साली ट्रेव्हन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ‘एलडी ५०’ नावाची कसोटी मांडली. ज्या मात्रेने निम्मे प्राणी मरतात ती मात्रा शोधायची, अशी ती कसोटी. डिजिटॅलिस, इन्शुलिन यांसारख्या औषधांची प्रत्येक खेप वेगवेगळ्या तीव्रतेची निघे, तेव्हा तिला एक समर्थनीय कारण होते. पुढे ते कारण मागे पडले आणि कसोटी मात्र टिकली. रंग, साबण, कीटकनाशके अशा कशाकशासाठी पिंजरेच्या पिंजरे निम्मे रिकामे होत राहिले. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांतून तिचे जुने रूप वगळण्यास २००२ साल उजाडावे लागले. मधल्या काळात, १९५९ साली, रसेल आणि बर्च या दोघा इंग्रजांनी प्राण्यांऐवजी दुसरे काही वापरता येईल काय, कमी प्राण्यांत भागेल काय, त्यांच्या यातना कमी करता येतील काय, हे तीन प्रश्न विचारणारे पुस्तक लिहिले होते. पुष्कळ वर्षे ते फारसे कोणी वाचले नाही.

आणि उंदीर नेहमी खरे सांगतो असेही नाही. थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध १९५७ साली जर्मनीत बाजारात आले, ते उंदीर कितीही मात्रेने मरत नाही या बळावर. विषच नाही म्हणून निर्धोक, असा हा युक्तिवाद. गर्भिणी प्राण्यांना ते देऊन गर्भाचे काय होते हे कोणी नीट पाहिलेले नव्हते. १९६१ च्या अखेरीस ते मागे घेतले जाईपर्यंत जगभर दहा हजारांच्या आसपास बालके हातापायांची व्यंगे घेऊन जन्मली होती. नंतर पाहिले तेव्हा उंदीर-घुशींच्या जातीत हा परिणाम सहजी दिसेना, सशात दिसला. योग्य प्रश्न योग्य प्राण्याला विचारला नाही तर उत्तर खोटे येते. याच्या उलटही घडते. पेनिसिलीन गिनिपिगला विषासारखे बाधते, हे १९४३ साली लक्षात आले. ऑक्सफर्डच्या त्या शनिवारी उंदरांऐवजी गिनिपिग घेतले असते तर आठांपैकी कोणीच उरला नसता, आणि हीटली निराश होऊन घरी गेला असता. अमेरिकेत थॅलिडोमाइडची वाट ज्या अधिकारी बाईंनी अडविली त्या डॉ. फ्रान्सिस केल्सी म्हणजे शिकागोची फ्रान्सिस ओल्डमच. महायुद्धाच्या काळात सशांवर क्विनाइनचे प्रयोग करताना त्यांना असे दिसले होते की मोठा ससा जे औषध पचवितो ते गर्भातला ससा पचवू शकत नाही. १९६० साली कंपनीचा अर्ज टेबलावर आला, तेव्हा गर्भाचे काय, हे विचारण्याची बुद्धी त्यांना झाली ती अशा पूर्वसंचितामुळे. थोर कथानायिका याहून वेगळ्या कशा असतात?

उंदराची साक्ष अशी अपुरी पडते, तेव्हा शेवटचा पडताळा माणसावर घ्यावाच लागतो. आणि मग पडताळ्याच्या बाजूला कोणाला उभे करायचे, हा प्रश्न टाळता येत नाही. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसीन आधी मेयो क्लिनिकमध्ये गिनिपिगांवर तपासले गेले. नंतर ब्रिटनमध्ये १०७ क्षयरोग्यांवर त्याची चाचणी झाली, जी १९४८ साली प्रसिद्ध झाली. चिठ्ठ्या टाकाव्या तशी वाटणी करून ५५ जणांना औषध दिले गेले, ५२ जणांना केवळ अंथरुणातील विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ४ दगावले, दुसऱ्यातील १४. नियोजनकर्त्यांचा बचाव असा, की सर्वांना पुरेल इतके औषध देशात नव्हतेच. मग चांगल्या प्रयोगाविना ते वाटून टाकणे अधिक वाईट. हा बचाव आम्हांला पटतो. पण आपण अशा चाचणीत आहोत, हे त्या ५२ जणांना सांगण्यात आलेले नव्हते, हे वाचल्यावर पटलेले पुन्हा डळमळते.

यापूर्वी अर्धशतक हेच आपल्या मुंबईत घडून गेले होते, औषधाऐवजी लशीच्या बाबतीत. १८९६ साली प्लेग आला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस सिद्ध केली, सशांवर तपासली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. निम्म्याच्या आसपास कैद्यांना लस टोचली गेली, बाकीच्यांना नाही. टोचलेल्यांत दोघांना लागण झाली, मेला कोणी नाही; न टोचलेल्यांत बारांना लागण झाली आणि सहा मेले. कैदी स्वेच्छेने पुढे आले असे नोंदीत म्हटले आहे. तुरुंगातील स्वेच्छेचे वजन किती धरायचे ते वाचकाने ठरवावे. हाफकिन यांचे नाव परळच्या संस्थेला दिले गेले आणि ते सर्वथा योग्य झाले. सहा कैद्यांची नावे कोठे लावलेली आम्ही पाहिलेली नाहीत.

मुंबईचेच नाव निघाले म्हणून आणखी एक प्रसंग सांगणे भाग आहे. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. डोक्यातील वा डोळ्यातील दाब उतरविण्यासाठी त्यांना ग्लिसरीन दिले होते आणि त्यात डायएथिलीन ग्लायकॉलची भेसळ होती. तेच, १९३७ चे. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने औषधखरेदीच्या साखळीतील एकेक कडी उघडी पाडली, आणि १९८८ साली आलेला तो अहवाल तेव्हाच्या वर्तमानपत्रांतून खूप गाजला. चौदा हा आकडा एल्बरफेल्डच्या चौदांशी जुळतो तो योगायोगानेच, त्यात आम्हांला काही गूढ सुचवायचे नाही. साम्य दुसरीकडे आहे. तेथे चौदांच्या मरणाने एक ज्ञान मिळाले होते. येथे जे मिळाले ते पन्नास वर्षांपूर्वीच मिळालेले होते. ही भेसळ ओळखायला उंदीर लागत नाही; पिंप उघडून त्यातील थेंबभर द्रव रासायनिक कसोटीला लावला की पुरते.

२०२२ च्या डिसेंबराअखेर अमेरिकेने १९३८ चा कायदा दुरुस्त केला. औषधाच्या पुराव्यासाठी प्राण्यांवरील प्रयोगांची सक्ती कायद्याच्या शब्दांतून गेली. त्यांच्या जागी मानवी पेशींवरील कसोट्या, संगणकावरील प्रतिरूपे, काचपट्टीवर वाढविलेल्या अवयवांच्या लघुप्रती चालतील असे ठरले. भारतानेही २०२३ साली आपल्या नियमांत तशी वाट मोकळी केली. या बदलाचे आम्ही मनापासून स्वागत करतो. तरीही प्रोन्टोसिल नळीत नापास झाले होते ही आठवण आमच्या स्वागताला थोडी आवर घालते. आणि सशांच्या गर्भांवर काम केलेल्या केल्सीबाईंना जे सुचले ते काचपट्टीवर वाढलेल्या अवयवांकडून कसे व केव्हा सुचेल, हे पाहावे लागेल.

दरम्यान, २०२२ साली गांबिया या आफ्रिकी देशात भारतात बनलेले खोकल्याचे औषध घेऊन सत्तरच्या आसपास बालके मेली. २०२५ च्या पावसाळ्याअखेर मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात वीसहून अधिक मुले तशाच औषधाने गेली. त्यांतील कित्येकांना उपचारासाठी नागपूरला आणले होते. बाटल्या तपासल्या तेव्हा त्यांत डायएथिलीन ग्लायकॉल निघाले. औषध गोड होते. मुलांची लघवी बंद झाली तेव्हा डॉक्टरांना संशय आला.

शिकागोच्या त्या उंदीर, ससे आणि कुत्र्यांच्या मूत्रपिंडांचे वर्णन गायलिंग आणि कॅनन यांच्या नावाने अमेरिकन वैद्यक संघाच्या नियतकालिकात १९३८ साली छापून आले आहे.